खेड्याचे चित्र आणि दौऱ्यावरचा डोळा

बृहन्महाराष्ट्रात विखुरलेल्या आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा खेड्याशी संबंध येतो तो नोकरीच्या निमित्ताने. कोणी महसुलाच्या कामासाठी जातो, कोणी कालव्याच्या मोजणीसाठी, कोणी शाळा-दवाखान्यांच्या तपासणीसाठी. गाव परप्रांतातले, तेथील बोली अर्धीमुर्धी समजणारी, मुक्काम एका रात्रीचा. आणि तेवढ्या अवधीत जे दिसले ते कागदावर उतरवून वर पाठवायचे. अशा वेळी डोळ्यांना जे दिसते ते सर्वस्वी त्या गावाचेच असते, असे मात्र नाही. डोक्यावर घागर घेतलेली बाई, झाडाखाली बसलेला म्हातारा, बैलांमागून चालणारा शेतकरी, ही माणसे आपण प्रत्यक्ष पाहण्यापूर्वी चित्रांत पाहिलेली असतात. त्या चित्रांनी आपल्या नजरेला एक वळण लावून ठेवलेले असते आणि त्या वळणानेच ती पुढे चालते. म्हणून चित्रकारांनी खेडे कसे रंगवले हा प्रश्न केवळ कलाप्रेमी मंडळींचा आहे असे आम्हांला वाटत नाही. ज्यांच्या टिपणीवर एखाद्या गावाची विहीर किंवा सूट अवलंबून असते, त्यांचाही तो प्रश्न आहे.

खेडे रंगवणारा चित्रकार स्वतः बहुधा दौऱ्यावरचाच माणूस असतो. तोही बाहेरून येतो, थोडा वेळ थांबतो, निवडक गोष्टी टिपतो आणि ज्यांना टिपले त्यांच्याहून वेगळ्याच लोकांना त्या दाखवतो. या साम्यामुळे खेड्याच्या चित्रांचे परीक्षण करताना रेषा, रंग, रचना यांच्या जोडीला आणखी एक गोष्ट विचारावी लागते: चित्रातल्या माणसाला चित्रकाराने स्वतःचे असे काही राहू दिले आहे काय? की त्याला पाहणाऱ्याच्या कामापुरते वापरून घेतले आहे? याच कसोटीवर आधुनिक भारतीय चित्रकलेतील काही ठळक उदाहरणे घासून पाहण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ कंपनी सरकारच्या काळापासून करणे सोयीचे होईल. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगल परंपरेतील काही चित्रकार मुर्शिदाबादेहून पाटण्यास येऊन स्थिरावले. दरबारी आश्रय आटलेला होता. नवे गिऱ्हाईक होते ते कंपनीचे गोरे अधिकारी. मायदेशी नेण्यासाठी त्यांना या देशाची ओळख हवी होती, आणि ती सुटसुटीत हवी होती. त्यातून भिस्ती, धोबी, लोहार, कोळी, बांगड्या विकणारा, पालखीचे भोई अशा धंदेवाईक माणसांच्या चित्रांचे संच तयार होऊ लागले. काही कागदावर, काही अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर. दक्षिणेत तंजावर-त्रिचनापल्लीकडेही हाच व्यवसाय चालला. या चित्रांतील कसब कमी दर्जाचे मुळीच नाही. भिस्तीच्या पखालीवरील टाके मोजता येतात, बांगडीवाल्याच्या दोरीतील एकेक बांगडी वेगळी दिसते. पण बहुतेक चित्रांत माणसामागे पार्श्वभूमी म्हणून नुसता पांढरा कागद असतो. त्याचे घर नाही, गल्ली नाही, शेजारी नाही. त्याला त्याच्या जगातून उचलून, फुलपाखराला टाचणी लावावी तसे कागदावर लावलेले असते. संचात एकच भिस्ती असतो, कारण गिऱ्हाइकाच्या दृष्टीने एक पाहिला की सगळे पाहिले. नमुना म्हणतात तो हाच.

असे असले तरी त्याच काळात, आणि एका अधिकाऱ्याच्याच सांगण्यावरून, याच्या अगदी उलट जातीचे काम झाले आहे हे नमूद केले पाहिजे. दिल्लीला नेमणुकीवर असलेल्या विल्यम फ्रेझर याने १८१५ ते १८१९ च्या दरम्यान दिल्लीच्या चित्रकारांकडून जो चित्रसंग्रह करवून घेतला, त्यात आजच्या हरियाणातील खेडूत, नव्याने भरती झालेले शिपाई, गावचे वडीलधारे लोक आहेत. १९७९ मध्ये स्कॉटलंडमध्ये फ्रेझर घराण्याच्या कागदपत्रांत ही चित्रे उजेडात आली. कागद येथेही बऱ्याच ठिकाणी कोराच आहे. परंतु चेहरे पाहावेत. प्रत्येकाची नजर निराळी. एकाच्या डोळ्यांत संशय, दुसऱ्याच्या डोळ्यांत थोडी गंमत. पुष्कळांची नावे लिहून ठेवलेली आहेत, काहींची गावेही. फ्रेझर हा सत्ताधारीच होता आणि त्याचे चरित्र काही साधुपुरुषाचे नव्हे. पण त्या मुलखात त्याने वर्षानुवर्षे काढली होती, आणि चित्रकारांना जे बसवून दाखवले गेले ते लोक त्याच्या ओळखीचे होते. ओळखीने चित्राच्या गुणात काय फरक पडतो याचे एवढे चांगले उदाहरण आम्हांला दुसरे सुचत नाही.

मराठी वाचकाला या संदर्भात महादेव विश्वनाथ धुरंधरांची आठवण होणे स्वाभाविक आहे. कोल्हापुरात १८६७ मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत हयात घालवलेले धुरंधर हे माणसांच्या घोळक्याचे थोर चित्रकार. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या त्यांच्या आत्मकथनाचे नावच त्यांच्या निष्ठेची साक्ष देते. मुंबई इलाख्यातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखनाला त्यांच्या कुंचल्याची साथ वारंवार लाभली: किंकेडच्या कहाण्यांच्या संग्रहाला, एडवर्ड्सच्या मुंबईवरील पुस्तकाला, रॉथफील्डच्या भारतीय स्त्रियांवरील ग्रंथाला. या शेवटच्या ग्रंथातील चित्रे पाहताना आमच्या मनाची ओढाताण होते. नेसणीचा प्रत्येक प्रकार त्यांनी इतका अचूक टिपला आहे की वेषभूषेच्या अभ्यासकाने त्यांचे ऋण कायम मानावे. उभे राहण्याची ढब, पदर सावरण्याची लकब ही तर घरच्या माणसालाच कळणारी. पण चित्राखालचा मथळा जात सांगतो, प्रांत सांगतो, धंदा सांगतो. बाई कोण ते सांगत नाही. पाटण्याच्या चित्रकाराप्रमाणे येथेही मागणी ग्रंथाची होती, आणि ग्रंथाला नमुने हवे होते. धुरंधरांची शक्ती अशी की त्या मागणीतूनही त्यांच्या स्त्रिया अधूनमधून निसटतात. बाजारातून परतणाऱ्या बायकांच्या चालीत दिवसभराचा शीण दिसतो, आणि मथळ्याला तो सांगता आलेला नसतो.

नमुन्याच्या या परंपरेला पहिला मोठा छेद दिला तो नंदलाल बसूंनी. यातील एक दुवा आपल्या खानदेशात आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झाले. त्याच्या सजावटीचे काम गांधीजींनी नंदलालबाबूंवर सोपवले आणि बांबू, लाकूड, गवत अशा त्या भागात मिळणाऱ्या वस्तूंतूनच त्यांनी ते उभे केले. पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या हरिपुरा येथे अधिवेशन भरले तेव्हा नंदलालबाबू आणि त्यांचे सहकारी यांनी सुमारे ४०० चित्रफलक तयार केले. त्यांतील ऐंशीच्या वर खुद्द नंदलालबाबूंच्या हातचे मानले जातात. हातकागद, मातीचे रंग, प्रत्येक चित्राभोवती महिरपीची चौकट. विषय म्हणाल तर नांगरणारा, सुतार, शिंपी, ढोल वाजवणारा, भात कांडणाऱ्या बाया, शिकारी, वीणा घेऊन बसलेली स्त्री. यांपैकी बरेच फलक दिल्लीच्या जयपूर हाऊसमध्ये १९५४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या संग्रही आहेत. दिल्लीकर वाचकांनी, प्रदर्शनात मांडलेले असतील तेव्हा, ते आवर्जून पाहावेत.

वरवर पाहता ही यादी पाटण्याच्या यादीसारखीच आहे. तोच शिंपी, तोच सुतार. मग फरक कोठे पडला? आमच्या मते तो दोन ठिकाणी पडला. पहिला, आकृतीच्या ठेवणीत. कंपनीचा भिस्ती गिऱ्हाइकासमोर उभा राहिलेला असतो. नंदलालबाबूंचा ढोलवाला आपल्या ढोलावर वाकलेला असतो आणि त्याला आपल्याकडे पाहायला सवड नसते. त्याचे शरीर चौकट भरून टाकते. महिरप त्याच्याभोवती कोनाड्यासारखी उभी राहते, जणू देवळातील मूर्तीची जागा त्याला मिळाली आहे. रेषा जाड आणि भरधाव आहे. टाके मोजण्यात ती रमत नाही, हात कोणत्या दिशेने फिरतो आहे तेवढे पकडते आणि पुढे जाते. दुसरा फरक अधिक महत्त्वाचा. हे फलक दिवाणखान्यासाठी काढलेले नव्हते. अधिवेशनाच्या वेशींवर, मंडपांवर ते लावलेले होते आणि आसपासच्या गावांतून येणारे हजारो लोक त्यांच्याखालून जात होते. म्हणजे चित्रातला माणूस आणि चित्र पाहणारा माणूस येथे एकच होता. आपल्याला पाहून कोणाला आपली नीट ओळख पटेल, याची चित्रकाराला फिकीर करावी लागली ती प्रथम येथे.

या फलकांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हरिपुरा हा बारडोलीचा परिसर. १९२८ चा साराबंदीचा लढा तेथलाच. आणि जमीनदाराच्या कर्जात पिढ्यान्‌पिढ्या अडकलेला हाळी मजूरही तेथलाच. नंदलालबाबूंच्या फलकांवर राबणारी माणसे आहेत. पण त्यांच्या राबण्याचा मोबदला कोणाच्या घरात जातो, हे त्या फलकांवरून कळत नाही. सगळेच आपापल्या कामात तृप्त दिसतात. हे खेडे खरे की काँग्रेसला हवे होते तेवढे, असा प्रश्न कोणी केला तर त्याला सरळ उत्तर नाही. आम्ही एवढेच म्हणू की उत्सवाच्या वेशीवर टांगायच्या चित्राकडून पंचनाम्याची अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. तथापि त्या वेशीलाच संपूर्ण गाव समजणे ही चूक पाहणाऱ्याची राहील. पुढील काळात सरकारी भिंती, पंचांगे आणि प्रचारपत्रके यांवर हरिपुऱ्याच्या आकृतींची जी सौम्य पिलावळ वाढली, तिच्यात ढोलवाल्याची तृप्ती राहिली, हाताचा वेग मात्र गेला.

त्याच वर्षांत दुसऱ्या बाजूने अमृता शेरगिल याच प्रश्नाशी झगडत होती. १९१३ मध्ये बुडापेस्ट येथे जन्मलेली, पॅरिसच्या कलाशाळेत शिकलेली ही तरुणी १९३४ च्या अखेरीस भारतात परतली आणि गरीब हिंदी माणसाचे जीवन रंगवणे हे आपले काम आहे असे तिने ठरवले. १९३५ मधील 'पहाडी स्त्रिया', 'पहाडी पुरुष', 'भारतमाता' ही चित्रे त्या निश्चयाची फळे. शालींत गुरफटलेल्या, उंच, स्तब्ध आकृती; खाली वळलेल्या किंवा कोठेच न पाहणाऱ्या नजरा. या चित्रांचे गांभीर्य निर्विवाद आहे. भारत म्हणजे ऊन, हत्ती आणि रंगीत फेटे, अशी जी पर्यटकी समजूत होती तिला त्यांनी कायमचा धक्का दिला. पण पुनःपुन्हा पाहिल्यावर आम्हांला त्यांत एक अडचण जाणवू लागते. या सर्व स्त्रियांना एकच दुःख आहे, आणि ते कशाचे हे चित्रात कोठेही नाही. मूल आजारी आहे, की जंगलात लाकडे तोडायला मनाई झाली आहे, की नुसतीच थंडी वाजते आहे? स्वतः चित्रकर्त्रीने या माणसांत असीम सोशिकता पाहिली होती, तसे तिने लिहूनही ठेवले आहे. सोशिकता हा गुण पाहणाऱ्याला फार सोयीचा असतो. ज्याचे सोसणे हाच त्याचा स्वभाव, त्याच्यासाठी काही करण्याची घाई कोणालाच नसते. 'येथील प्रजा शांत व सोशिक आहे' हे वाक्य किती जुन्या अहवालांतून फिरत आले आहे, हे आमच्या वाचकांना सांगावयास नको.

अमृता शेरगिलचे मोठेपण असे की ती तेथे थांबली नाही. अजिंठा, वेरूळ आणि दक्षिण हिंदुस्थान पाहून आल्यावर १९३७ मध्ये तिने जी तीन मोठी चित्रे केली, त्यांपैकी 'बाजाराला निघालेले दक्षिणी खेडूत' या चित्रात शरीरांना प्रथमच दिशा मिळते. ही माणसे कोठेतरी निघाली आहेत. यानंतरचे तिचे दिवस बरेचसे गोरखपूर जिल्ह्यातील सरायाला गेले. तेथे तिच्या नातलगांची जमीन आणि साखरेचा कारखाना होता. म्हणजे ती मालकाच्या घरची होती, आणि खेडे तिला दिसत होते ते अंगणापलीकडून. हे अंतर तिने लपवले नाही. तिच्या अखेरच्या चित्रांचे बळ मला वाटते त्यातच आहे, असे एखादा समीक्षक म्हणेल, आणि आम्हीही त्याच्याशी सहमत होऊ. १९४० मधील 'हळद कुटणाऱ्या' या चित्रात बाया लहान दिसतात, झाडांच्या गडद बुंध्यांमध्ये बसलेल्या. चेहरे जवळजवळ नाहीतच. करुण नजर नाही, शालीच्या घड्यांतील वैभव नाही. आहे ते वाकलेल्या पाठींचे वळण आणि सावलीतून एकाएकी पेटणारे रंग. त्यांच्यात काय बोलणे चालले आहे ते आपल्याला कळत नाही, आणि कळावे असा चित्राचा आग्रहही नाही. त्याच वर्षाच्या 'चारपाईवर पहुडलेली स्त्री' या चित्रात तर पंखा घेऊन खाली बसलेली दासी आणि वर पसरलेली मालकीण एकाच चौकटीत आहेत. कोणी काही बोलत नाही. पण कोण वर आहे आणि कोण खाली, हे चित्राने सांगून टाकले आहे. १९३५ च्या चित्रांतील दुःखाने जे साधले नाही, ते या साध्या मांडणीने साधले. डिसेंबर १९४१ मध्ये लाहोरला वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी ती वारली, आणि ही वाट अर्धीच राहिली.

हरिपुऱ्याच्याच वर्षी, १९३८ मध्ये, नंदलालबाबूंचे शिष्य रामकिंकर बैज यांनी शांतिनिकेतनच्या मोकळ्या मैदानात 'संथाळ कुटुंब' उभे केले. ते शिल्प आहे. परंतु रामकिंकर चित्रकारही होते आणि आमच्या विषयाला ते टाळून पुढे जाता येत नाही. सिमेंट आणि तांबड्या जांभ्या दगडाची खडी यांतून घडवलेल्या, माणसापेक्षा मोठ्या आकृती. पुरुषाच्या खांद्यावर कावड. एका बाजूच्या टोपलीत मूल, दुसरीत संसार. शेजारी कडेवर मूल घेतलेली बाई, पायांशी कुत्रा. कुटुंब स्थलांतराला निघाले आहे. रामकिंकर बांकुड्यातील एका न्हावी कुटुंबात जन्मलेले. शांतिनिकेतनच्या भोवतालचे संथाळ हे त्यांचे रोजचे शेजारी. मूर्तीत दया नाही. मूल बसले आहे त्या टोपलीचा भार दुसऱ्या टोपलीने तोलला आहे, आणि तो तोल सांभाळण्यासाठी पुरुषाचे पाऊल जसे पडायला हवे तसेच ते पडते. ज्याने कावड वाहणारा माणूस एकदाच मोटारीतून पाहिला त्याला हे पाऊल घडवता येणार नाही. श्रम दाखवणे आणि श्रमाची रीत ठाऊक असणे यांतील फरक या एका पावलाने समजतो. शिवाय राजेरजवाड्यांचे पुतळे जेथे उभे राहायचे, तेथे चौथऱ्यावाचून, रस्त्याच्या पातळीवर, एक मजूर कुटुंब चालत निघाले, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

आता एका वेगळ्या प्रकारच्या दौऱ्याकडे वळू. ऑक्टोबर १९४२ मध्ये वादळाने मेदिनीपूर जिल्हा उद्ध्वस्त केला आणि पुढल्या वर्षी बंगालवर भुकेचे संकट आले. सरकारी चौकशी आयोगाने मृतांचा अंदाज १५ लाख केला. नंतरच्या अभ्यासकांचे आकडे ३० लाखांपर्यंत जातात. एवढे होऊनही दुष्काळसंहितेनुसार दुष्काळ असा अधिकृतपणे जाहीर करण्यात आला नाही. कागदावर जो दुष्काळ नव्हता, तो चित्तप्रसाद भट्टाचार्य या तरुण चित्रकाराने नोव्हेंबर १९४३ मध्ये मेदिनीपूर जिल्ह्यात पायी हिंडून कागदावर आणला. काळी शाई, झटपट रेखाटने, सोबत मजकूर. 'हंग्री बेंगॉल' या नावाने त्याचे पुस्तक निघाले तेव्हा सरकारने त्याच्या ५,००० प्रती जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपून ठेवलेल्या एका प्रतीवरून २०११ मध्ये त्याची प्रतिकृती निघाली, म्हणून आज ते पाहता येते.

चित्तप्रसाद हेही त्या गावांत बाहेरचेच होते, एका राजकीय पक्षाचे कार्यकर्ते होते, आणि त्यांचा मुक्कामही थोडाच होता. म्हणजे बाहेरच्याने खेडे रंगवूच नये हे म्हणणे टिकत नाही. त्यांनी काय केले ते पाहावे. रेखाटनांजवळ त्यांनी माणसांची नावे लिहिली, गावे लिहिली, घरात कोण उरले आहे ते लिहिले. 'भुकेलेला शेतकरी' असा मथळा देऊन मोकळे होणे सोपे होते. पण भूक ही नेहमी कोणा एकाची असते आणि त्याचे नाव विचारल्यावाचून ती कळत नाही, हे त्यांनी जाणले. एरवी आपणही नावे लिहितोच, यादीत, तक्त्यात. तक्त्यातील नावाला चेहरा नसतो आणि नमुन्याच्या चित्रातील चेहऱ्याला नाव नसते. चित्तप्रसादांच्या कागदावर ही दोन्ही एकत्र आली, आणि सरकारला भीती वाटली ती याच गोष्टीची असावी.

अर्थात केवळ नाव लिहिल्याने चित्र मोठे होत नाही. त्याच सुमारास झैनुल आबेदिन यांनी कलकत्त्याच्या रस्त्यांवर येऊन पडलेल्या खेडूतांची जी चित्रे साध्या, स्वस्त कागदावर काळ्या शाईने काढली, त्यांत नावे नाहीत. पण तेथे रेषाच इतकी कोरडी, इतकी कमी आहे की तिच्यात दागिन्याला जागा उरत नाही. आकृतीभोवतीचा कोरा कागद हा पाटण्याच्या चित्रातील कोरा कागद नव्हे. तो रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर या माणसांचे कोणी नाही.

या कठोर चित्रांनंतर आपल्याच घराकडे पाहताना थोडे संकोचल्यासारखे होते. मराठी मध्यमवर्गाच्या डोळ्यांत खेडे भरले ते मुख्यतः दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी. दीनानाथ दलालांसारख्या चित्रकाराची रेषा किती डौलदार होती हे आम्ही नाकारीत नाही. परप्रांतात टपालाने येणारा तो अंक उघडताना घरचा वास यायचा, हेही खरे. पण खणाची चोळी, नाकात नथ, कमरेवर घागर अशी जी ग्रामकन्या त्या परंपरेतून घरोघर पोहोचली, तिच्या घागरीत पाणी आहे असे वाटत नाही. पाणी भरलेली घागर कमरेला एका बाजूला खेचते. दुसरा हात आपोआप बाहेर जातो. मानेच्या शिरा ताणतात. मुखपृष्ठावरील कन्या मात्र सरळ उभी राहून हसते. तिने पाणी किती अंतरावरून आणले हा प्रश्न तिला पाहणाऱ्याच्या मनात कधी उठत नाही. वर्षानुवर्षे ही रिकामी घागर पाहिलेला डोळा पुढे एखाद्या टंचाईग्रस्त गावात उभा राहतो तेव्हा तेथील भरलेली घागर त्याला कितपत जड दिसेल, याची आम्हांला शंका आहे.

शेवटी अशा चित्रांचा विचार केला पाहिजे, जेथे खेड्याने स्वतःच कुंचला हाती घेतला. यातही अधिकाऱ्यांचा संबंध आहे, आणि तो बराचसा भूषणावह आहे. १५ जानेवारी १९३४ च्या भूकंपात बिहारमधील मधुबनीकडील घरांच्या भिंती कोसळल्या. नुकसानीची पाहणी करणाऱ्या डब्ल्यू. जी. आर्चर या मुलकी अधिकाऱ्याला पडक्या भिंतींच्या आत, घरच्या बायकांनी लग्नकार्यासाठी काढलेली चित्रे दिसली. नुकसानीच्या तक्त्यात या भिंतींची किंमत चार आण्यांचीही नसेल. आर्चरने त्यांचे छायाचित्रण केले आणि १९४९ मध्ये 'मार्ग' नियतकालिकात त्यांवर लेख लिहिला. पुढे १९६६-६७ च्या दुष्काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तेथे पाठवण्यात आले. त्यांनी बायकांना कागद दिला. काय काढावे हे शिकवण्याचा आव आणला नाही. याच कुलकर्णींनी नंतर ठाणे जिल्ह्यातील वारल्यांकडे कागद नेला आणि जिव्या सोमा मशे यांच्या हातची चित्रे जगापुढे आली. आपले नाव कोठे यावे याची खटपट न करता दोन प्रांतांतील लोकांच्या हाती साधन ठेवून बाजूला होणारा हा मराठी माणूस बृहन्महाराष्ट्राने विसरू नये.

मिथिलेच्या गंगादेवींची 'मानवजीवन' ही चित्रमालिका येथे आमच्या विवेचनाला फार उपयोगी पडते. स्त्रीच्या जन्मापासून पुढचे सारे टप्पे त्यांनी बारीक टाकाच्या रेषांनी काढले. गर्भारपण, बाळंतीण, सटवाईसारखे विधी, लग्न, गौणा. या चित्रांत कोणीही सोशिक म्हणून उभे नाही आणि तृप्त म्हणूनही नाही. प्रत्येकीला त्या क्षणी काहीतरी करावयाचे असते. बाहेरच्या चित्रकाराला जी 'खेड्यातील स्त्री' दिसते, ती येथे सून असते, नणंद असते, सुईण असते. आणि कोणाच्या मागे कोणी उभे राहायचे याला अर्थ असतो. नात्यांचे हे बारकावे नंदलालबाबूंच्या महिरपीत नव्हते, शेरगिलच्या सावलीतही नव्हते; ते आत राहणाऱ्यालाच ठाऊक. आतून काढलेले म्हणून सर्व काही खरे, असेही मात्र समजू नये. मधुबनीची ख्याती झाल्यावर बाजाराने मागितलेल्या त्याच त्या मासोळ्या आणि मोर हजारोंनी निघू लागले. नमुना करण्याचा रोग खेडुतालाही जडू शकतो, गिऱ्हाईक तेच असले म्हणजे झाले.

दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात गंगादेवींनी आयुष्याच्या अखेरीस, दुर्धर आजारात, कोहबर घराच्या भिंती रंगवल्या होत्या. १९९१ मध्ये त्या वारल्या. २०१५ मध्ये नूतनीकरणाच्या कामात त्या भिंती नष्ट झाल्या. कोणी एका माणसाने द्वेषाने हे केले असे आम्ही म्हणत नाही. असे निर्णय बहुधा द्वेषाने होतच नाहीत. एका कागदावर 'जुना रंग काढून नवा द्यावा' एवढेच लिहिलेले असते. १९३४ चा एक अधिकारी पडक्या भिंतीपाशी थांबला आणि तिच्याकडे पाहत राहिला. ऐंशी वर्षांनी, त्याच परंपरेतील उभी भिंत कोणाला दिसलीच नाही. पाहणे आणि न पाहणे यांचे परिणाम किती दूर जातात, हे यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही.

या सगळ्यातून निष्कर्ष काढायचा तर तो आमच्या मते असा. खेड्याच्या चित्राचा कस चित्रकार आतला की बाहेरचा यावर ठरत नाही, चित्र आनंदी की दुःखी यावरही ठरत नाही. चित्रातल्या घागरीला वजन आहे काय, हाताला कामाची रीत माहीत आहे काय, आणि आपण पाहून झाल्यावरही त्या माणसाचे स्वतःचे काही उरते काय, यांवर तो ठरतो. फ्रेझरच्या चित्रकारांना ते ओळखीने साधले, रामकिंकरांना शेजाराने, शेरगिलला आपले अंतर मान्य करण्याने, चित्तप्रसादांना नाव विचारण्याने. यांपैकी निदान शेवटची गोष्ट अशी आहे की तिला प्रतिभा लागत नाही. विश्रामगृहाच्या भिंतीवर टांगलेले ग्रामीण दृश्य पाहून आमचा वाचक सकाळी कामाला निघेल, तेव्हा पुढे भेटणाऱ्या पहिल्या माणसाला त्याने कामाचे विचारण्यापूर्वी नाव विचारावे, एवढी अपेक्षा चित्रकलेच्या वतीने बाळगायला हरकत नाही.